पुढं या म्हणता, पण किती किलोमीटर?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तालुक्याला महिला मेळावा झाला. मंडप, दोन कूलर, बसायला खुर्च्या, जाताना चिवड्याचं पाकीट आणि पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित होतं, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. त्यात एक पोलीस साहेब बोलले की माता भगिनींनो घाबरू नका, अन्याय सहन करू नका, पुढं या, आमचं ठाणं चोवीस तास उघडं आहे. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, नोकरीत तीस वर्षं भाषणाला टाळ्या वाजवून हाताला सवयच लागलीय. पण परत येताना वडापमध्ये, म्हंजे शेअर जीपमध्ये, खिडकीशी बसले होते आणि वाटेत एक पारधी वस्ती लागली, आठ-दहा पालं, एक पत्र्याचं शेड, बाहेर चुलीवर काहीतरी शिजत होतं, आणि डोक्यात एकच आलं की साहेब पुढं या म्हणाले ते ठीक, पण पुढं म्हंजे किती किलोमीटर? ह्या वस्तीपासून ठाणं एकोणीस किलोमीटर आहे. वस्तीपासून फाटा अडीच किलोमीटर, चालत. फाट्यावरनं दिवसात दोन गाड्या, नाहीतर वडाप, आणि वडापवाला पारध्याची बाई बघितली की जागा नाही म्हणतो, जागा असली तरी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, माण तालुक्यात, आता रिटायर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचं पण नाही, कारण कुणा एकाची बदली व्हावी म्हणून हे पत्र नाही, आणि त्या पोरीची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही एवढं मला कळतं.

बरीच वर्षं झाली. सहावीतली पोरगी. अशाच एका पारधी वस्तीवरनं येणाऱ्या चार पोरींत हीच एक टिकलेली, बाकीच्या दिवाळीनंतर आईबापाबरोबर कामाला बाहेर गेल्या की परत दिसायच्या नाहीत. पाठांतर पक्कं, अक्षर कोंबडीचे पाय. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळं आमच्याकडं तो कार्यक्रम जरा जोरातच. त्या वर्षी सावित्रीबाई हिला करायचं ठरवलं, दोन-तीन पालकांनी नाकं मुरडली ते सोडा. डिसेंबरभर प्रॅक्टिस. शाळेत जाताना अंगावर शेण पडतं आणि सावित्रीबाई पिशवीतलं दुसरं लुगडं काढून नेसतात तो सीन. त्यासाठी माझं एक जुनं नऊवारी तिला घरी नेऊन सराव कर म्हणून दिलेलं. मला विचारते, बाई, पोरं शेण खरं टाकणार का खोटं? म्हटलं खोटं गं, मातीचा चिखल. तर म्हणाली, खरं टाकू द्या की बाई, मी लुगडं धुवून आणीन.

डिसेंबरच्या शेवटी ती यायची बंद झाली. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिची आई आली, आत नाही आली, कंपाऊंडच्या बाहेर बाभळीखाली उभी. वस्तीवरनं शाळेची वाट शाळूच्या रानातनं जाते, त्या दिवसांत शाळू डोक्याएवढा असतो, आत कोण उभंय ते दहा पावलांवर पण कळत नाही. ती म्हणाली, "बाई, त्यो रोज वाटंला आडवा येतो. गाडी आडवी लावतो. परवा हात धरला, वढली. पोरगी आता पाण्याला बी बाहीर जाईना." कोण ते सांगितलं. खात्यापित्या घरचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्याला गेलो. बाप आला नाही, आणि तो भित्रा म्हणून आला नाही असं नाही. मागच्याच उन्हाळ्यात तालुक्यात कुठंतरी बंगला फुटला तेव्हा त्याला पहाटे पालातनं उचलला होता, अकरा दिवसांनी सोडला, काही निघालं नाही. आता ज्या दारातनं नवऱ्याला आत नेलं त्याच दारातनं बायकोनं तक्रार घेऊन जायचं, हे मेळाव्यात बोलायला सोपं आहे.

आत गेल्यावर टेबलावरच्या हवालदारानं मान वर न करता विचारलं, कुणाला आणलाय, नाव सांग. त्याला वाटलं जामिनासाठीच आलीय. पारध्याची बाई ठाण्यात येते ती कुणाला तरी सोडवायला, तिच्यावर काही झालंय म्हणून ती येऊ शकते हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा पुढचा प्रश्न, नवऱ्याचं नाव काय, त्याच्यावर किती आहेत? किती म्हंजे किती गुन्हे. बाकडं रिकामं होतं पण ती भिंतीला टेकून फरशीवर बसली, मी दोनदा म्हटलं वर बस, नुसती मान हलवली. मग म्हणाले पोरीला इथं घेऊन या, जबाब लागेल. मग म्हणाले जातीचा दाखला आहे का, ॲट्रॉसिटी लावायची तर दाखला लागतो. मग म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत, अर्ज देऊन जा. मी तिथंच बसून फुलस्केपवर अर्ज लिहिला, कार्बन घालून, शाळेतली सवय. पोच मागितली तर शिक्का कपाटात आहे आणि चावी साहेबांकडं आहे. दीड तास बसलो आणि आलो.

आता माझंही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. मी परत गेले नाही. मुख्याध्यापक म्हणाले बाई कशाला गावाशी वाकडं घेता, तुमची दोनच वर्षं राहिलीत, आणि मी ऐकलं. वरच्या साहेबाला लेखी कळवायला हवं होतं, नाही कळवलं. ३ जानेवारीला सावित्रीबाई दुसऱ्याच पोरीनं केल्या. संक्रांतीच्या आधी एका रात्रीत ती वस्ती उठली, पाल उठल्यावर मागं काय राहतं तर चुलीचे तीन दगड आणि थोडी राख. आणि शाळेच्या खिडकीत माझं नऊवारी ठेवलेलं मिळालं, धुतलेलं, घडी घातलेलं.

रिटायर झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा मी कायदे वाचले, मोबाइलवर, अक्षर मोठं करकरून. वाचताना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मला वाटत होतं कायदा अपुरा असेल. तसं नाही हो. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात कलम २४ सरळ सांगतं की मुलीचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, निदान फौजदार दर्जाच्या, आणि तेव्हा अंगावर वर्दी नको. म्हंजे कायद्याच्या पुस्तकात पोलिसांनी तिच्याकडं जायचंय. आणि भाषणात तिनं पोलिसांकडं यायचंय. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे, बाकीचं पत्र ह्याचाच पसारा आहे असं समजा.

जातीच्या दाखल्याचं ऐका. गुन्हा नोंदवायच्या आधी दाखला दाखवा असं कायद्यात कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. आणि दाखला काढायला जा म्हणावं तर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारध्यांसारख्या जमाती त्यात घातल्या, जन्माला आलं की गुन्हेगार, ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. देशभरातनं हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून ते लोक त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांची पोरं शाळेत घेतली नाहीत, त्यांचं १९५० च्या आधीचं नाव कुठं सापडलं तर ते ठाण्यातल्या हजेरीच्या वहीत सापडणार! पुरावा सरकारकडंच, आणि तो आणायला सांगतंय सरकारच. बरं, दाखल्यानंतर योजनांचे कागद ज्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात चालतात ते आम्हाला घोडेगावला, आंबेगाव तालुक्यात, पुण्याच्या पलीकडं. माणपासून दोनशेच्या आसपास किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत साताऱ्यात अनुसूचित जमातीची माणसं शंभरात एकाच्या आसपास, त्यामुळं त्यांच्यासाठी निवडणूक कुणी हरत नाही की जिंकत नाही. माळावर पाल टाकून राहणारे आमच्याकडचे पारधी, सह्याद्रीच्या कुशीतले कातकरी, हंगामात ऊसतोडीला येणारे भिल्ल, पावरा, सगळे मिळून मोजले तरी एका वॉर्डाचं गणित बिघडत नाही.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा घ्या, अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराविरुद्धचा. त्यात कलम ४ आहे, ते कुणी भाषणात सांगत नाही. आपलं कर्तव्य मुद्दाम टाळणाऱ्या सरकारी माणसालाच सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा. तक्रार वाचून दाखवायची, मग सही घ्यायची, प्रत द्यायची, ही सगळी कर्तव्यं २०१५ च्या दुरुस्तीत नीट लिहून टाकलीत. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, साठ दिवसांत. लैंगिक गुन्ह्याची खबर नोंदवून घेतली नाही तर नवीन न्याय संहितेत वेगळं कलम आहे, १९९, दोन वर्षांपर्यंत. आणि नियमांत, १९९५ चे नियम, त्यात दोन समित्या आहेत. एक राज्याची, अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री, वर्षातनं दोनदा बसायची, जानेवारी आणि जुलै. दुसरी जिल्ह्याची, अध्यक्ष कलेक्टर, दर तीन महिन्यांनी निदान एकदा. गुन्ह्यांचा तपास कुठवर आला, मदत मिळाली का, कुणी कामात कुचराई केली का, हे बघायला. मी नोकरीत असताना शाळेच्या पालक सभेचं इतिवृत्त वेळेत गेलं नाही तर केंद्रप्रमुख नोटीस काढायचे. ह्या बैठकीचं इतिवृत्त मी तरी आयुष्यात कधी बघितलं नाही, तुमच्या पेपरात पण नाही, आणि तुमच्या पेपरात कुठल्या यात्रेला किती नारळ फुटले ते पण येतं.

तुमच्या पेपरचं निघालंच आहे तर आणखी एक. चोर पकडला की हेडिंगमध्ये जात असते, पारधी टोळी जेरबंद. त्याच वस्तीवरच्या बाईवर काही झालं की आतल्या पानावर तीन ओळी, महिलेचा विनयभंग, आणि तिथं ती नुसती महिला असते. राग मानू नका, तीस वर्षं वर्गणी भरतेय म्हणून हक्कानं लिहिते.

माझ्या बहिणीची नात कॅनडात शिकायला आहे, विनिपेगला. तिनं ५ मे ला फोटो पाठवला, झाडांच्या फांद्यांना लाल झगे टांगलेले, नुसते, आत माणूस नाही. मला वाटलं नवसाचं काही असेल, आपल्याकडं देवीच्या झाडाला खण बांधतात तसं. मग तिनं फोनवर सांगितलं की तिथल्या आदिवासी बायका आणि पोरी ज्या बेपत्ता झाल्या, ज्यांचे खून झाले, त्यांच्यासाठी हा दिवस पाळतात. मग मी तिला दर रविवारी खोदून खोदून विचारत गेले. तिथल्या पोलिसांनीच २०१४ साली मोजून सांगितलं की १९८० ते २०१२ ह्या काळात अशा १,१८१ जणी, त्यातल्या १,०१७ खून झालेल्या. बायकांच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा ४.३ टक्के आणि खून झालेल्या बायकांत १६ टक्के. तिथं १६ नंबरचा एक हायवे आहे, सातशेच्या वर किलोमीटर, त्याला लोक अश्रूंचा हायवे म्हणतात, कारण आदिवासी वस्त्यांवरच्या पोरी त्या रस्त्यावर अनोळखी गाडीला हात करून जायच्या आणि काही परत आल्याच नाहीत. हात का करायच्या, तर वेळेला मिळेल, परवडेल अशी बस नव्हती म्हणून. २००६ साली लोकांनी एकत्र बसून सरकारला सांगितलं की बाबा बस चालू करा. बस चालू झाली २०१७ ला. अकरा वर्षं लागली, एका बसला, कॅनडासारख्या देशात! हे ऐकून मला आपली फाट्यावरची दुपारची गाडी आठवली जी दिवाळीनंतर येते तर येते.

सरकारची जबाबदारी म्हटलं की लोकांना वाटतं फाशी, एन्काऊंटर, मोठमोठ्या गोष्टी. मला तर ती बस दिसते.

त्या विनिपेगचीच अजून एक. दोन आदिवासी बायकांचे मृतदेह शहराबाहेरच्या कचरा डेपोत आहेत असं पोलिसांनाच वाटत होतं, पण २०२२ ला ते म्हणाले शोधणं शक्य नाही. तिथल्या राज्याचं सरकार पण नाही म्हणालं. घरच्या बाया रस्त्यावर बसल्या. २०२३ ला सरकार बदललं, नवीन आलेले प्रीमियर, म्हंजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखे, ते स्वतः आदिवासी समाजातले, त्यांनी शोध सुरू केला आणि २०२५ मध्ये दोघींचे अवशेष सापडले. जे शक्य नव्हतं ते तेवढंच होतं, फक्त माणूस बदलला. तिथं २०१६ ला राष्ट्रीय चौकशी नेमली, २०१९ ला अहवाल आला, त्यात २३१ गोष्टी सरकारांनी आणि समाजानं करायच्या म्हणून लिहिल्यात आणि ठणकावून सांगितलंय की ह्या शिफारशी नाहीत, ह्या तुमच्यावरच्या कायदेशीर जबाबदाऱ्या आहेत. आता कॅनडात सगळं आलबेल झालंय असं नात म्हणत नाही, उलट ती म्हणते आजी, इथंही समित्याच समित्या आहेत. पण निदान मोजलं तरी.

आपल्याकडं काय झालंय ते पण लोक विसरलेत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, आता गडचिरोली जिल्हा आहे तिथं, मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलीस सोडले, अंगावर जखमा नाहीत, विरोध केल्याचं दिसत नाही म्हणून. त्यावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलावा लागला, कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं. म्हंजे आज शहरातली कुठलीही बाई ज्या कायद्याचा आधार घेते त्यातलं बरंचसं एका आदिवासी मजूर पोरीमुळं आलंय, आणि आपण तिच्या वस्तीच्या बाईला दाखला आण म्हणतोय. (पत्र लिहून काय होतं असं आमचे हे म्हणतात, त्यांच्यासाठी पण हे लिहिलंय.)

तामिळनाडूत वाचाती म्हणून गाव आहे. २० जून १९९२ ला चंदनचोरी पकडायला म्हणून वनखातं, पोलीस आणि महसूल तिन्ही खात्यांची माणसं त्या आदिवासी गावात घुसली, १८ बायका आणि पोरींवर अत्याचार झाले. २६९ सरकारी माणसं आरोपी. निकाल २०११ ला, तोपर्यंत ५४ जण मेले होते, राहिलेल्या २१५ च्या २१५ जणांना शिक्षा. हायकोर्टानं ती २०२३ ला कायम केली आणि प्रत्येकीला दहा लाख द्यायला सांगितले, आणि त्या वेळच्या कलेक्टर, एसपी, वनअधिकाऱ्यावर पण कारवाई करा म्हणालं. एकतीस वर्षं. त्या दिवशी तेरा वर्षांची असलेली पोर निकालाला चव्वेचाळीसची.

जवळचंच बघायचं तर २०२२ ला नाशिक-नगर भागात कातकऱ्यांची पोरं मेंढ्या वळायला काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात दिली जातात हे उघडं पडलं, तेही कधी, इगतपुरीकडची एक दहा वर्षांची पोर मेल्यावर. कातकरी ही केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित जमात, त्यांच्यासाठी २०२३ ला केंद्राची पीएम जनमन योजना आली. घर, रस्ता, नळ, सगळं त्यात आहे आणि चांगलंच आहे. पण ती पोर कामाला गेल्यावर शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजर लिहून पान उलटलं जातं. मीही उलटलंय.

ऊसतोडीचं तर बोलायलाच नको, आणि आपल्या सातारा सांगलीला ते रोज समोर दिसतं. नंदुरबार, धुळ्याकडनं आदिवासी जोड्या येतात, उचल घेतलेली असते, फडाच्या कडेला कोप्या, म्हंजे झोपड्या, पडतात. कोपीला दार नसतं. बायका पहाटे तीनला उठून अंधारात आंघोळ उरकतात कारण नंतर रस्ता चालू होतो. मुकादमानं हात लावला तर कुणाला सांगायचं, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी फक्त टोळी आणली, आणि गाव म्हणतं बाहेरची माणसं आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यानं असंघटित बायकांसाठी जिल्हा अधिकाऱ्यानं जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायची असते, तालुक्याला नोडल अधिकारी असतो. त्याचा नंबर कुठल्या कोपीवर कुणी चिकटवलेला मी बघितला नाही. आणि समजा चिकटवला तरी कोपी मार्चमध्ये मोडते, बाई पाचशे किलोमीटरवर गावी जाते आणि तारीख इथल्या कोर्टात पडते.

काही लोक म्हणतील, मला तोंडावर म्हटलंय, की बाई तुम्हाला त्यांचा पुळका, ते चोऱ्या करतात. करत असतील काही, त्याला कायदा आहे आणि तो आपण बरोबर पाल शोधत जाऊन लावतो. तेव्हा जीपला डिझेल असतं, रात्री दोनला वाट सापडते. मग पोरीचा जबाब घ्यायला तीच वाट का सापडत नाही? दुसरे म्हणतात, त्यांच्यातच बायकांना जास्त मार आहे, त्यांची जात पंचायत बायकांना दंड करते. खरं आहे. मी डोळ्यानं बघितलंय, बाईला वस्तीबाहेर बसवलेलं. पण त्यासाठी पण महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केलाय, देशात तसा पहिला म्हणून आपण मिरवतो, आणि बाई गेली की ठाण्यातनंच सांगतात तुमच्या पंचायतीत मिटवा. म्हंजे सरकारच तिला परत पंचांपुढं उभी करतंय.

आणि एक गुंता सांगते. पारधी अनुसूचित जमातीत, त्यांना ॲट्रॉसिटी कायदा. पण त्याच माळावर पलीकडच्या पालात कैकाडी, वडार असतात, ते आपल्याकडं विमुक्त जातीत, त्यांच्या बाईला तो कायदा नाही. चूल तीच, अंधार तोच, त्रास देणारा पण तोच असू शकतो. दोघींच्या मध्ये पंधरा फूट आणि एक जीआर.

आपल्या जिल्ह्याला काही कुणी शिकवायला नको खरं तर. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच, तेव्हा सातारा सांगली एकच होतं. बाईची छेड काढणाऱ्याला प्रतिसरकारच्या पोरांनी गावात जाऊन शिक्षा केल्याच्या गोष्टी माझी आजी सांगायची, तळपायावर पत्र्या ठोकायचे म्हणायची. पत्र्या ठोका असं मी म्हणत नाही, कायद्याचं राज्य आहे, तक्रार नको. पण त्या गोष्टीत मला आता दुसरंच दिसतं, ते गावात यायचे. ना त्यांच्याकडं जीप होती ना सोलर दिवा.

म्हणून माझी मागणी लई मोठी नाही. प्रत्येक वस्तीवर महिन्यातनं एक ठरलेला दिवस महिला अधिकारी जावी, साध्या साडीत, बरोबर अंगणवाडी ताई, आणि तिथंच बसून लिहून घ्यावं, आधी नवऱ्याची कुंडली न विचारता. शाळेच्या वेळेला फाट्यावरनं वस्तीपर्यंत गाडी यावी, अडीच किलोमीटरच आहे, निवडणुकीला पेटी आणायला येतेच की. दाखल्याचं कार्यालयानं बघावं, गृहचौकशी करायला माणूस वस्तीवर पाठवावा. आणि ती जी कलेक्टर साहेबांच्या अध्यक्षतेखालची तीन महिन्यांची बैठक आहे, तिची तारीख आधी पेपरात यावी आणि झाल्यावर किती तक्रारी होत्या, किती ठिकाणी साठ दिवस उलटले, कुठल्या अधिकाऱ्यावर कलम ४ लावलं, एवढे तीन आकडे यावेत. नावं नकोत कुणाची. आकडे छापायला जागा नसेल तर माझं हे पत्र अर्धं कापा, चालेल.

कार्बनची खालची प्रत अजून माझ्याकडं आहे. शाई फिकी झालीय पण वाचता येते, पोचच्या जागी कोरीच आहे. पुढच्या बैठकीची तारीख तुम्हाला कळली तर छापा, मी ती प्रत घेऊन साताऱ्याला येते. सकाळचं पहिलं वडाप सातला निघतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. माण, जि. सातारा